सोलवांगचा नाश्ता आणि आजीचं आप्पेपात्र

आई: इथे शनिवारची सकाळ, तुमची रात्रीची जेवणं झाली असतील. फोटो पाठवतेय, मोठा करून बघा. वन्सं, तुम्ही तर बघाच.

(फोटो)

आत्या: अगं वहिनी, हे आप्पेपात्र आहे! अमेरिकेत कुठे मिळालं?

आई: इथल्या लोकांचंच आहे हो. डेन्मार्कचं. गावाचं नाव सोलवांग, लॉस एंजेलिसहून गाडीने अडीच-तीन तास. जावईबापू मुद्दाम नाश्त्याला घेऊन आले.

काका: डेन्मार्कची माणसं कॅलिफोर्नियात कशी?

ताई: काका, 1911 साली डॅनिश लोकांनीच हे गाव वसवलं. आपल्या पद्धतीची शाळा हवी, भाषा टिकायला हवी म्हणून जमीन घेतली. सोलवांग म्हणजे उन्हातलं शेत. आता गावात पवनचक्क्या आहेत, भिंतींवर लाकडी चौकटी दिसतात आणि छपरांवर लाकडाचे करकोचे बसवलेत. करकोचा छपरावर बसला की घराचं भलं होतं असं मानतात.

मी: आई, खाल्लंस काय ते सांग आधी.

आई: सांगते. बाहेर पाऊण तास थांबलो. मग आत खिडकीपाशी जागा मिळाली आणि तिथून ती बाई दिसत होती. पुढ्यात काळंभोर बिडाचं पात्र, त्याला खळगे. हातात विणायच्या सुईसारखी सळई. प्रत्येक खळग्यात पीठ घालायची आणि कड जरा धरली की सळईने पाव वळण द्यायची. पूर्ण पलटत नव्हती! आतलं ओलं पीठ घरंगळून खाली जायचं आणि तिथे नवी साल धरायची. परत पाव वळण. तीन-चार वेळा केलं की वाटीचा चेंडू होतो. जोड शोधून सापडत नाही. मी खायचं सोडून तेच बघत बसले होते.

आत्या: म्हणून ते गोल! आपण एकदाच पलटतो, त्यामुळे आप्प्याच्या कमरेला कड राहते. इतकी वर्षं करतेय, हे कधी सुचलं नाही.

मोठी काकू: पीठ कसलं?

ताई: मैदा, ताक, अंडी, थोडा वेलदोडा. अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून घालतात, म्हणून आतून जाळी पडते. नाव एबलस्कीवर. अर्थ सफरचंदाच्या फोडी. पूर्वी आत फोड घालायचे, आता बहुतेक नसते. वर पिठीसाखर आणि बाजूला रासबेरीचा जॅम.

भावोजी: खुद्द डेन्मार्कमध्ये हा नाताळचा पदार्थ. डिसेंबर लागला की घरोघरी होतो. इथे मात्र बारा महिने नाश्त्याला मिळतो.

बाबा: मी सांगतो महत्त्वाचं. तिथल्या ताटात मेदिस्टर नावाचं सॉसेज येतं, ते डुकराचं असतं. शाकाहारी माणसाने मागवतानाच सांगावं. मी सांगितलं, त्यांनी न कुरकुरता वेगळं ताट दिलं. त्यांचा पॅनकेक अमेरिकनांसारखा जाड नाही, आपल्या घावनासारखा पातळ. तो मला फार आवडला.

दादा: आणि डॅनिश पेस्ट्री? ती तर तिथली खासियत असणार.

ताई: बेकरीत ढीग आहे! पण दादा, डेन्मार्कमध्ये तिला डॅनिश म्हणतच नाहीत. व्हिएन्नाचा पाव म्हणतात. 1850 मध्ये तिथल्या बेकरीकामगारांनी संप केला, तेव्हा ऑस्ट्रियाचे कारागीर आणले आणि त्यांनी ही पुडाची पेस्ट्री आणली. डेन्मार्कवाल्यांनी त्यात भर घालून ती आपली केली.

आई: ते राहू दे. मला एक विचारायचंय. त्या पात्राला सात खळगे होते. मध्ये एक, भोवती सहा. सासूबाईंच्या पात्राला सातच होते ना? कुठे आहे ते?

आत्या: मलाही आत्ता तेच आठवलं. मधला आप्पा आई आधी काढायची, तो लवकर होतो म्हणून. कडेचे मागून.

मोठी काकू: माझ्याकडे आहे. माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलंय. नॉनस्टिक आलं आणि ते वर गेलं. उद्या काढते.

मी: काकू, फोटो टाक हं. आज्जीचं म्हणून मला नीट बघायचंय.

(रविवार)

मोठी काकू: काढलं. गंज होता. काथ्या आणि मिठाने घासलं, धुऊन गॅसवर कोरडं केलं, तेल लावून दोनदा तापवलं. कांद्याची फोड फिरवणार होते, पण गोड करायचंय म्हणून नारळाच्या शेंडीने तेल लावलं.

आत्या: अंडं घालणार आहेस?

मोठी काकू: आईंच्या पात्रात अंडं नको. वाटीभर मैदा, वाटीभर घट्ट ताक, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि पाव चमचा खायचा सोडा. सोडा शेवटी घातला. सळई म्हणून माझी स्वेटरची सुई स्वच्छ धुऊन घेतली.

मी: झाले का?

मोठी काकू: पहिला घाणा चिकटला, खरवडून काढला. दुसऱ्यात मी घाई केली, साल धरायच्या आधीच वळवले आणि पीठ सांडलं. तिसऱ्या घाण्याला आच एकदम बारीक केली, कड सुटेपर्यंत हात लावला नाही. मग सुई टेकवली की आपोआप फिरतात. बघा.

(फोटो)

आत्या: किती गोल गं मोठी वहिनी! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ते पात्र परत चुलीवर बघितलं.

आई: जाऊबाई, फार छान केलंत. जॅम नव्हता ना?

मोठी काकू: साखरांबा होता. तोच दिला. आंबट-गोड, बरोबर लागतो.

ताई: काकू, आम्ही निघताना दुकानातून सात खळग्यांचं बिडाचं पात्र घेतलं. जड आहे. आईने घरी येताच तांदूळ आणि उडीद भिजत घातले. उद्या सकाळी माझ्या लेकीला ती आप्पे वळवायला शिकवणार आहे, पाव वळणाने.

आई: जाऊबाई, फोटोत सहाच दिसतायत. मधला कुठाय?

मोठी काकू: ह्यांनी खाल्ला. आईंच्या हातचा मधला नेहमी ह्यांनाच मिळायचा.