आकाशगंगा धडकली तरी तारे नाही धडकत

बरेच जण विचारतात की देवयानी (अँड्रोमेडा), म्हणजे आपल्या शेजारची दीर्घिका (गॅलक्सी, ताऱ्यांचा प्रचंड समूह), येऊन आपल्या आकाशगंगेला धडकली तर तारे एकमेकांवर आपटतील का, तर नाही हो, सूर्य हरभऱ्याएवढा धरला तर शेजारचा तारा जवळजवळ ३०० किमी लांब येतो, मग आपटणार कोण कोणावर? आपटतो तो गॅस, आणि तो दाबला गेला की नवे तारे धडाधड बनायला लागतात. धडकणाऱ्या दीर्घिकांच्या लांब शेपट्या दिसतात ना फोटोत, ते भरती-ओहोटीचंच गणित, जवळच्या बाजूला ओढ जास्त, लांबच्या बाजूला कमी, म्हणून दीर्घिका ताणली जाते.

पण मला भारी वाटतो तो स्वीडनचा खगोलशास्त्रज्ञ एरिक होल्मबर्ग. १९४१ साली कॉम्प्युटर कुठला, दीर्घिकांची टक्कर कशी होते ते बघायला पठ्ठ्याने ७४ बल्ब मांडले, ३७ची एक दीर्घिका अशा दोन! प्रकाशही गुरुत्वाकर्षणासारखाच अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणून प्रत्येक जागी किती उजेड पडतो ते फोटोसेलने मोजायचं, तेवढी ओढ समजायची, बल्ब थोडा सरकवायचा, परत मोजायचं. काय पेशन्स असेल! त्या शेपट्या कशा बनतात हे कोडं मात्र १९७२ला टूमरे बंधूंनी कॉम्प्युटरवर सोडवलं.

आणि देवयानीची टक्कर अगदी नक्की समजू नका, २०२५च्या नव्या हिशोबात पुढच्या १००० कोटी वर्षांत विलीन व्हायचा चान्स साधारण फिफ्टी-फिफ्टीच निघालाय.