लिनक्सचे ग्राफिकल प्रोग्राम विंडोजवर आयकॉनवरून कसे उघडायचे? मागची काळी विंडो नकोय

काळीविंडो:
मंडळी, दुखणं जुनंच आहे. विंडोज १० वर डब्ल्यूएसएल २ मधे (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबंटू लिनक्स टाकलंय, इंकस्केप (ड्रॉइंगचा प्रोग्राम) आणि स्वतः कंपाइल केलेले एक-दोन प्रोग्राम तिथेच चालवतो. आधी व्हीसीएक्ससर्व्ह (लिनक्स प्रोग्रामच्या विंडो विंडोजवर दाखवणारा एक्स सर्व्हर) चालू करा, मग टर्मिनल उघडा, मग कमांड मारा आणि प्रोग्राम बंद होईपर्यंत ती काळी विंडो मागे ताटकळत बसलेली. काल चुकून तीच बंद केली आणि तासाभराचं ड्रॉइंग गेलं. बाकी सॉफ्टवेअरसारखं डबल क्लिक करून नाही का उघडता येत हे?

जुनाखेळाडू:
व्हीसीएक्ससर्व्ह लागतोय कशाला आता? विंडोजचं बिल्ड (आवृत्तीचा नंबर) १९०४४ किंवा पुढचं असेल तर पॉवरशेलमधे डब्ल्यूएसएल अपडेट करून घे, डब्ल्यूएसएलजी, म्हणजे ग्राफिकल प्रोग्राम दाखवणारा भाग, त्यातच येतं. एक्स सर्व्हर त्याच्या आतच असतो आणि विंडो आरडीपीने (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची पद्धत) तुझ्या डेस्कटॉपवर दिसते. एपीटीने (उबंटूत सॉफ्टवेअर टाकायची कमांड) टाकलेल्या प्रोग्रामचे आयकॉन आपोआप स्टार्ट मेनूत उबंटूच्या फोल्डरमधे येतात. नाही दिसले तर डब्ल्यूएसएल शटडाउन करून परत उघड, पण आधी सगळं सेव्ह कर बाबा, सगळंच बंद होतं त्यात.

अर्धवटराव:
जुन्या बिल्डवर अडकलेल्यांसाठी: एक्सलाँचमधे (व्हीसीएक्ससर्व्ह चालू करायचा प्रोग्राम) सेटिंग एकदाच करून फाइल सेव्ह करा आणि ती स्टार्टअप फोल्डरमधे टाका, सर्व्हर आपला आपण उठतो. फक्त डब्ल्यूएसएल २ चं नेटवर्क वेगळं असल्यामुळे लोकलहोस्ट (म्हणजे 'हेच मशीन' असा पत्ता) चालत नाही, विंडोजचा आयपी द्यावा लागतो, आणि तो बदलत राहतो. मग वैतागून सगळे ॲक्सेस कंट्रोल बंद करायच्या खुणेवर टिक करतात. करा, पण फायरवॉलमधे पब्लिक नेटवर्क अडवा, नाहीतर त्याच वायफायवरचा कोणीही तुमच्या स्क्रीनवर विंडो उघडू शकतो आणि कीबोर्डवर काय टाइप करताय तेही वाचू शकतो.

जुनाखेळाडू:
हो, आणि स्वतः कंपाइल केलेल्या प्रोग्रामचा आयकॉन आपोआप येत नाही. त्याची डॉट डेस्कटॉप फाइल लिहावी लागते, चार-पाच ओळींचीच असते, नाव, आयकॉन, आणि एक्झेक (काय चालवायचं ते सांगणारी ओळ) मधे प्रोग्रामचा पूर्ण पाथ. ती यूएसआर, शेअर, ॲप्लिकेशन्स या फोल्डरमधे टाक. टर्मिनलची ओळ फॉल्स ठेव. हे नको असेल तर विंडोजमधे साधा शॉर्टकट बनव, पण टार्गेटमधे डब्ल्यूएसएल डॉट ईएक्सई नाही, डब्ल्यूएसएलजी डॉट ईएक्सई दे. पहिल्याने कन्सोल उघडतं, दुसऱ्याने नाही, तुझ्या काळ्या विंडोचं मूळ तेच.

काळीविंडो:
अपडेट केलं, इंकस्केप स्टार्ट मेनूतून मस्त उघडतंय!! पण गंमत बघा, तेच टर्मिनलमधून कमांड मारून उघडायला गेलो तर डिस्प्ले उघडता येत नाही म्हणतंय. उलटंच झालं की.

जुनाखेळाडू:
बॅशआरसी बघ, टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल. व्हीसीएक्ससर्व्हसाठी डिस्प्ले व्हेरिएबल (विंडो कुठल्या एक्स सर्व्हरवर दाखवायची ते) एक्सपोर्ट करायची ओळ तिथे तशीच असणार. टर्मिनल ती वाचतं आणि बंद पडलेल्या सर्व्हरला शोधत बसतं. आयकॉनवरून उघडलं की बॅशआरसी लागूच होत नाही, म्हणून तिथे चालतंय. ओळ उडव, नवीन टर्मिनल उघड. आणि हेच उलट्या बाजूने पण चावतं बरं का, तुझ्या प्रोग्रामला लागणारा लायब्ररी पाथ बॅशआरसीत असेल तर टर्मिनलमधून चालेल आणि आयकॉनवरून गप्प मरेल, एररही दिसणार नाही. त्याला छोटी शेल स्क्रिप्ट लिही, व्हेरिएबल तिच्यात सेट कर आणि एक्झेक मधे त्या स्क्रिप्टचा पाथ दे.

सफरचंदवाला:
मॅकवर काय करायचं?

अर्धवटराव:
एक्सक्वार्ट्झ टाक, मॅकसाठीचा एक्स सर्व्हर. टाकल्यावर एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करायचं, ते न करता सगळे रडत येतात. त्याच्या ॲप्लिकेशन्स मेनूत स्वतःच्या कमांड जोडता येतात.

काळीविंडो:
ओळ सापडली, उडवली, दोन्हीकडून चालतंय. माझा एक प्रोग्राम खरंच गप्प मरत होता, स्क्रिप्ट लिहिल्यावर उठला. व्हीसीएक्ससर्व्ह अनइन्स्टॉल करतोय आता.