तडजोडीचा मेल आला, फ्रिजही नेला. पैसे मात्र नाहीत

निपाणीकर: फ्रिजचा कॉम्प्रेसर वॉरंटीत गेला. खरेदी कोल्हापूरची, घर निपाणीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर कंपनीचा मेल आला : फ्रिज परत घेतो, १८,५०० रुपये ३० दिवसांत खात्यावर. फ्रिज नेला, त्याला ७० दिवस झाले. हेल्पलाइनवर तक्रार 'निकाली' दिसते, कस्टमर केअर 'फायनान्सकडे आहे' एवढंच म्हणतं. या मेलवर थेट वसुली लावता येते का? आणि केस कोल्हापूरला की बेळगावला?

खानापूररोड: थेट वसुली नाही लागत. १९१५ वाले फक्त मध्ये पडून बोलणी करून देतात, आदेश काढायचा अधिकार त्यांना नाही. हीच तडजोड ग्राहक आयोगाच्या मध्यस्थी कक्षात झाली असती तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८१ खाली तिचा आदेश निघाला असता आणि वसुली सरळ लावता आली असती. तुमचा मेल म्हणजे कंपनीची लेखी कबुली. पुरावा म्हणून भक्कम, पण आदेश नव्हे.

आधी १५ दिवसांची नोटीस द्या. बिल नंबर, फ्रिजचा सीरियल नंबर, हेल्पलाइनचा डॉकेट (तक्रार) नंबर, मेलची तारीख, रक्कम, खाते व आयएफएससी, सगळं त्यात. फ्रिज न्यायला आलेल्या पोराने दिलेली स्लिप सांभाळा. तारीख आणि सीरियल नंबर तिच्यावर असेल तर 'माल मिळालाच नाही' म्हणायची सोय उरत नाही. नोटीस नोंदणीकृत कार्यालयाला, स्पीड पोस्टाने. बरेच जण इथेच चुकतात : ब्रँडच्या नावाने नोटीस काढतात. ब्रँड म्हणजे कंपनी नव्हे. वॉरंटी कार्डावरचं पूर्ण नाव घ्या, पत्ता एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर ताडून बघा.

चिकोडी_वाचक: केस दोन्हीकडे चालते. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ मुळे ग्राहक राहतो तिथेही तक्रार करता येते, म्हणजे बेळगाव जिल्हा आयोग. कोल्हापूर निपाणीहून जवळ आणि मराठी कागद तिथे तसेच चालून जातात. बेळगावला मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर जोडलेलं बरं. मी कोल्हापूरच म्हणेन. दुकानदारालाही पक्षकार करा.

वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून भरता येते. मुदत २ वर्षं, ती कॉम्प्रेसर गेल्याच्या तारखेपासून धरा, म्हणजे वादच नको. नुसत्या नोटिसा पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. मेल, व्हॉट्सअॅपच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (प्रिंट मूळ इलेक्ट्रॉनिक नोंदीचीच असल्याचं) प्रमाणपत्र लावा.

निपाणीकर: आभारी आहे. आज त्यांचा फोन होता : 'फुल अँड फायनल' कागदावर सही करून पाठवा, मग पैसे सोडतो.

खानापूररोड: तसली सही करू नका ओ! 'रक्कम मिळाली' असं छापलेलं असतं, उद्या तोच कागद आयोगापुढे येतो. करायचीच झाली तर त्यावर हाताने लिहा : '१८,५०० रुपये खात्यावर जमा झाल्यावरच हा कागद लागू.' नको म्हणाले तर कारण मेलवर मागा. फोनवर काहीच ठरवू नका.

वडगाव_४२: तक्रारीतल्या मागणीकडे लक्ष द्या. मूळ रक्कम, ठरलेले ३० दिवस संपल्यापासून व्याज, त्रासाची भरपाई आणि खर्च, चारही वेगवेगळे लिहा. आदेशात जे नाही ते वसुलीत मिळत नाही. व्याज मागायला विसरलात तर ते गेलं.

आदेशानंतर कंपनीला अपिलाला ४५ दिवस असतात, पण निम्मी रक्कम आधी भरावी लागते. १८,५०० साठी फारसं कुणी जात नाही. तरी पैसे आले नाहीत तर कलम ७१ आणि ७२ चे दोन वेगळे अर्ज लावा. ७१ म्हणजे दिवाणी डिक्रीसारखी (कोर्टाच्या हुकुमनाम्यासारखी) वसुली, त्यात बँक खातं जप्त करता येतं. ७२ म्हणजे शिक्षा : १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा २५,००० ते १ लाख दंड, किंवा दोन्ही. तो दंड तुमच्या खिशात येत नाही, पण समन्स गेलं की फायनान्सवाल्यांना फाइल लवकर सापडते. ७१ च्या अर्जासोबत आजवरच्या व्याजाचा तक्ता जोडा, आणि कंपनीचं खातं कुठल्या बँकेत, कुठल्या शाखेत आहे ते आधीच काढून ठेवा. दुकानदाराने थेट कंपनीला पैसे भरले असतील तर त्याच्याकडे खाते नंबर मिळू शकतो.