सात कोटींच्या प्रश्नाला खेळ सोडणारे शहाणे की भित्रे?

चौथा_पर्याय (धागाकर्ता)

'कौन बनेगा करोडपती'मध्ये कुणी खेळ सोडला की आपल्याकडे लगेच कौतुक सुरू होतं: 'वेळेवर उठला, शहाणा निघाला.' मला हे पटत नाही. वरपर्यंत पोचलेले बरेच स्पर्धक ज्ञानात कमी पडत नाहीत, धीरात कमी पडतात.

2018 चा बिनिता जैन यांचा खेळ आठवा. एक कोटी हातात होते. सात कोटींचा प्रश्न आला: 1867 मध्ये पहिला स्टॉक टिकर कुणी तयार केला? त्यांनी खेळ सोडला. मग बच्चनसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, खेळला असतात तर काय उत्तर दिलं असतं? त्या म्हणाल्या, एडवर्ड कॅलाहान. उत्तर बरोबर!

आता हिशेब बघा. तेव्हाच्या नियमाने सात कोटींचं उत्तर चुकलं तर माणूस 3 लाख 20 हजारांच्या पडावावर, म्हणजे हमखास मिळणाऱ्या रकमेवर, यायचा. म्हणजे पणाला लागतात साधारण 97 लाख आणि वर मिळण्यासारखे आहेत सहा कोटी. बरोबर येण्याची शक्यता 14 टक्क्यांच्या पुढे गेली की सरासरीने खेळणंच फायद्याचं ठरतं. डोळे मिटून चारपैकी एक पर्याय सांगितला तरी शक्यता 25 टक्के असते! आणि पंधरा प्रश्न पार केलेला माणूस डोळे मिटून थोडाच सांगणार आहे?

50 लाखांवर असताना एक कोटीचा प्रश्न आला तर गोष्ट वेगळी. तिथे 48 टक्के खात्री लागते, म्हणजे दोन पर्याय बाद करता आले नाहीत तर उठावं. पण लोक दोन्ही जागी सारखेच घाबरतात आणि आपण दोन्हीला सारख्याच टाळ्या वाजवतो.

सांजवेळ

तुमची सरासरी मिळते कुणाला? तोच डाव शंभर वेळा खेळता आला तर सरासरी कामाची. इथे माणूस आयुष्यात एकदा बसतो.

2019 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या, महिन्याला 1,500 रुपये मिळायचे. त्या पगाराने एक कोटी कमवायला साडेपाचशे वर्षं लागली असती. त्यांनीही सात कोटींना खेळ सोडला. त्यांना तुम्ही चौदा आणि पंचवीस टक्के समजावून सांगणार? पहिल्या कोटीने आयुष्य बदलतं. पुढच्या सहांनी तितकंच पुन्हा बदलत नाही.

चौथा_पर्याय

बबिताताईंनी सोडलं ते योग्यच केलं, त्यांना मी भित्रं म्हणणारही नाही. माझा रोख चांगली नोकरी आणि स्वतःचं घर असलेल्यांवर आहे. एक कोटी गेले म्हणून त्यांच्या घरची चूल विझत नाही. त्यांनी का उठावं?

जमाखर्च

कर कुणी धरलाच नाही. या बक्षिसावर सरळ 30 टक्के कर लागतो, उत्पन्नाचे टप्पे नाहीत, कुठली वजावट नाही. वर अधिभार आणि उपकर. एक कोटीतले 34 लाखांच्या आसपास त्यातच जातात आणि रक्कम मोठी तसा अधिभाराचा दर चढत जातो. जुन्या करपद्धतीतल्या सर्वात वरच्या अधिभाराने मोजलं तर धागाकर्त्यांचे 14 टक्के 16 च्या जवळ सरकतात. म्हणजे हिशेब मोडत नाही, पण हातात सात कोटी येतात हा समज काढून टाका.

घंटाघर

तुम्ही सगळे शेवटच्या प्रश्नावर भांडताय, पण तिथे पोचतं कोण? बहुतेकांचा खेळ खालीच बिघडतो. पहिल्या पाच प्रश्नांना 45 सेकंद, पुढच्या पाचांना 60. घड्याळ सुरू झालं की घरी सोफ्यावर बसून सहज येणारी उत्तरं तिथे सुचत नाहीत. मग तिसऱ्या-चौथ्या प्रश्नालाच प्रेक्षकांची मदत घेतली जाते.

एक प्रसंग दर वर्षी दिसतो. स्पर्धकाला उत्तर माहीत असतं, तो पर्याय दोनदा मोठ्याने म्हणतोही. समोरून विचारलं जातं, 'लॉक किया जाए?' तेवढ्या एका प्रश्नाने चेहरा उतरतो, 'सर, लाइफलाइन घेतो' म्हणतो. मदतीतून तेच उत्तर येतं. एक लाइफलाइन फुकट गेली! आणि दहाव्या प्रश्नानंतर घड्याळ थांबतं, शांतपणे विचार करायला वेळ मिळतो, तेव्हा हात रिकामे.

अर्धा_कप

घंटाघर, याच्या उलटंही बघितलंय. लाइफलाइन जपून ठेवायचे आणि 3 लाख 20 हजारांच्या प्रश्नाला नुसत्या अंदाजाने उत्तर द्यायचे. 1 लाख 60 हजारांवरून थेट 10 हजारांवर, आणि लाइफलाइन तशीच शिल्लक. शंका आली की वापरावी, पुढचं पुढे.

घंटाघर

शंका आणि भीती यांत फरक आहे. शंकेला जरूर वापरा.

पाठीमागची_रांग

मला तर फास्टेस्ट फिंगरमधून, म्हणजे हॉट सीटसाठीच्या निवडफेरीतून, परत जाणाऱ्यांचं जास्त वाईट वाटतं. उत्तर बरोबर, क्रम बरोबर, फक्त बटण दाबायला सेकंदाचा काही भाग उशीर. त्यांतले कितीतरी हॉट सीटवरच्यापेक्षा जास्त वाचलेले असतील. कोण कसा खेळला याची चर्चा करताना आपण त्यांना मोजतच नाही.

जमाखर्च

सहमत. आणि धीराचं म्हणाल तर 2014 मध्ये पहिल्यांदा सात कोटी जिंकले ते अचिन आणि सार्थक नरुला, दोघे भाऊ जोडीने बसलेले. एक डगमगला तर दुसरा सावरणारा शेजारी होता. एकट्याला ती सोय नाही.

सांजवेळ

मोठी रक्कम म्हणजे चांगली कामगिरी, हेही मला मान्य नाही. 2011 मध्ये सुशील कुमार यांनी निकोबार बेटांवरचे हक्क इंग्रजांना विकणारी सत्ता डेन्मार्क, हे उत्तर देऊन पाच कोटी जिंकले. पुढे 2020 मध्ये त्यांनी स्वतः फेसबुकवर लिहिलं की जिंकल्यानंतरचा काळ आयुष्यातला सर्वात वाईट होता.

आणि बिनिता जैन यांच्या उदाहरणाचं. खेळ सोडल्यावर डोक्यावरचं ओझं उतरतं, तेव्हा सांगितलेलं उत्तर आणि एक कोटी पणाला असताना द्यायचं उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय ते बरोबर निघालं म्हणून आपल्या लक्षात राहिलं. खेळ सोडून नंतर चुकीचं उत्तर सांगणारे आणि 'वाचलो' म्हणणारे कुणाला आठवतात?

चौथा_पर्याय

चारांतले तीन चुकले तरी माझा हिशेब बसतो. एकाला सात कोटी, तिघांना 3 लाख 20 हजार, बेरीज सात कोटींच्या वर. चौघेही उठले तर चारच कोटी.

सांजवेळ

पण ती बेरीज चौघं वाटून घेत नाहीत ना. त्या तिघांपैकी एक तुमचा सख्खा भाऊ असता तर त्याला काय सल्ला दिला असता? तेवढं सांगा.

चौथा_पर्याय

आधी विचारलं असतं, कर्ज किती आहे? कर्ज असेल आणि चारही पर्याय अनोळखी असतील तर ऊठ म्हटलं असतं. कर्ज नसेल तर खेळ. आणि दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर कर्ज असलं तरी खेळ. तिथे मी त्याला उठू दिलं नसतं.