टी.50एसमध्ये हजार हॉर्सपॉवर का नाही?

पिट_लेन:
फॉर्म्युला वनच्या गाड्या घडवलेले डिझायनर गॉर्डन मरे यांची 2021 मध्ये जाहीर झालेली गाडी, टी.50एस निकी लाउडा. फक्त ट्रॅकसाठी, वजन 852 किलो, कॉसवर्थचं 3.9 लिटरचं व्ही12 इंजिन, ताकद सातशे हॉर्सपॉवरच्या थोडी वर. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र) लावले असते तर हजार सहज निघाली असती. मग एवढ्यावरच का थांबले? मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये (विद्यार्थी स्वतः रेसकार बनवतात ती स्पर्धा) यावरून रोज वाद होतात.

कार्बन_काका:
टर्बो एकटा येत नाही रे. त्याच्यामागून दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर येतो, मोठा रेडिएटर येतो, दणकट गिअरबॉक्स लागतो, इंधन जास्त. मग हे सगळं थांबवायला मोठे ब्रेक, त्यासाठी मोठी चाकं. मरे यांनी हेच चक्र उलटं फिरवलं. इंजिनातून व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगसुद्धा (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) काढलं, इंजिन 162 किलोवर आणलं. एसी नाही, सामानाला जागा नाही.

ताकदीचा पुरता उपयोग सरळ पट्ट्यावर. हलकेपणा मात्र ब्रेक मारताना, वळताना, वळणातून सुटताना, सगळीकडे कामाला येतो. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, त्यापेक्षा कमीच वाढते. म्हणून जड गाडी वळणात मार खाते. डाउनफोर्सने, म्हणजे हवेने गाडी खाली दाबल्याने, टायरवरचा भार वाढतो, पण वळवायला जास्तीचं वस्तुमान नसतं. मी कंपोझिटच्या (कार्बन फायबरसारख्या हलक्या साहित्याच्या) कामात आहे आणि मला यापेक्षा सुंदर इंजिनिअरिंग माहीत नाही.

रेणुका_आर:
टी.50एसचा मागचा पंखा 1978 च्या ब्रॅबम या फॉर्म्युला वन गाडीसारखाच आहे का?

कार्बन_काका:
नाही, आणि फरक समजून घेण्यासारखा आहे. ती ब्रॅबम, म्हणजे बीटी46बी, हीही मरे यांचीच. तिच्या कडा स्कर्टने, म्हणजे जमिनीपर्यंत येणाऱ्या पट्ट्यांनी, बंद केलेल्या होत्या आणि गिअरबॉक्सवर फिरणारा पंखा खालची हवाच उपसायचा. स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पच्या शर्यतीत ड्रायव्हर निकी लाउडा 34 सेकंदांनी जिंकले, मग ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही. टी.50एसला स्कर्ट नाहीत. तिचा 400 मिलिमीटरचा पंखा विजेवर चालतो. डिफ्यूझरचा (गाडीच्या तळाचा मागे वर चढत जाणारा भाग) चढ फार तीव्र असला की पृष्ठभागालगतची हवा मंदावते आणि प्रवाह सुटतो. पंखा ती मंद हवा ओढून घेतो, त्यामुळे एवढा चढ ठेवता येतो.

पिट_लेन, पुढच्या मीटिंगला इंजिनचे आलेख बाजूला ठेवा. प्रत्येक भाग काट्यावर ठेवून तक्ता करा, नट-बोल्टसकट. मग इथे टाक, आपण बघू.