मनाच्या आरोग्याचा तास शाळेत हवा का? शनिवारी पालकसभा आहे, मतं सांगा

मुक्ता, कोथरूड
आमच्या शाळेत पुढच्या जूनपासून पाचवी ते नववीला आठवड्यातून एक तास 'मनाचं आरोग्य' ठेवायचं चाललंय. राग आला तर काय करायचं, अपयश कसं पचवायचं, कुणी छळत असेल तर कुणाला सांगायचं, मदत कशी मागायची. वर्गशिक्षकच घेणार. निम्मे पालक 'हे काय नवीन' म्हणून विरोधात आहेत. मी पूर्णपणे बाजूनं आहे. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर, १,७६४. हे वाचूनही 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' असं कसं म्हणवतं? दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून आठवीपर्यंत हॅपिनेसचा तास सुरू झाला. आपल्याला आठवड्यातून एक तास जड का व्हावा?

गणिताचे मास्तर, सदाशिव पेठ
माझा विरोध. आकडे नाकारत नाही, पण तास कुठून आणणार? खेळाचा नाहीतर चित्रकलेचा कापूनच ना? माझी नात सातवीत आहे. पहाटे रिक्षा, दुपारी जेवण उरकून क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास. शाळेचं मैदान म्हणजे बसगाड्या लावून उरलेली जागा. ज्या पोरांना दिवसभरात धावायला मिळत नाही, त्यांना डोळे मिटून श्वास मोजायला लावायचे? मैत्रिणीशी भांडण झालं की दोन दिवस रडू येणारच. त्या प्रत्येक रडण्याला नाव द्यायला शिकवलंत, तर पोरगं सारखं स्वतःचीच नाडी बघत बसेल.

निखिल, बाणेर
मास्तरांच्या शंकेला आधार आहे. ब्रिटनमध्ये शाळांतून माइंडफुलनेस, म्हणजे श्वासाकडे आणि आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देणं, शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला, ११ ते १४ वयाची आठ हजारांहून जास्त मुलं त्यात होती. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: नेहमीच्या पद्धतीनं शिकवणाऱ्या शाळांतल्या मुलांपेक्षा या मुलांच्या मनःस्वास्थ्यात काही सुधारणा दिसली नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. मुक्ताताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण चांगल्या हेतूचे तास वेळापत्रकात आधीच भरपूर आहेत. मूल्यशिक्षणाच्या तासाला वर्गात काय चालतं ते आठवून बघा.

मुक्ता, कोथरूड
निखिल, एक पद्धत चालली नाही म्हणून विषयच सोडायचा? मग इंग्रजी कधीच बंद व्हायला हवं होतं.

महापालिका शाळेतली शिक्षिका, हडपसर
दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतायत: शिकवणार कोण. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात सरकारी शाळांतल्या नववीच्या मुलांसाठी एक कार्यक्रम राबवला होता. काही शाळांत तो शिक्षकांनी चालवला, काहींत त्यासाठीच नेमलेल्या समुपदेशकांनी. हे समुपदेशक तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. मुलांनी चिठ्ठ्या टाकायची पेटी, भित्तिपत्रक, प्रार्थनेच्या वेळी बोलणं, आणि ज्याला गरज त्याच्याशी एकट्यानं भेट. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आले. समुपदेशकांच्या शाळांत उदासी आणि दादागिरी कमी झाली, शाळेचं वातावरण सुधारलं. शिक्षकांच्या शाळांत फारसा फरक पडला नाही.

मला याचं नवल वाटलं नाही. माझ्या वर्गात पन्नासच्या वर मुलं, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणूक आली की ते काम. आणि मुख्य म्हणजे निकालपत्रावर सही माझी. 'बाई, मला घरी मारतात' किंवा 'मला जगावंसं वाटत नाही' हे मूल त्या सहीवालीला सांगेल का? माझा तासाला विरोध आहे तो यासाठी. माणूस द्या.

शाळा समुपदेशक, सिंहगड रोड
बाई, माणूस हवा हे शंभर टक्के मान्य. पण तास नको, हे मान्य नाही. मी तीन शाळांत जाते. जिथे वर्गात या गोष्टी कधी बोलल्याच जात नाहीत, तिथली मुलं माझ्याकडे येतच नाहीत. येतात ती पोट दुखतंय म्हणून, आजारी खोलीत, चाचणीच्या दिवशी हमखास. वर्गात बोलणं झालेलं असेल तर तेच मूल म्हणतं, 'ताई, भीती वाटतेय.' तिथून काम सुरू होतं.

तासाला श्वास मोजण्यापलीकडेही करण्यासारखं खूप आहे. मी मुलांना एकच अडचण निवडायला लावते, तिच्यावरचे चार उपाय लिहायचे, एक आठवडाभर करून बघायचा, पुढच्या वेळी काय झालं ते सांगायचं. सहावीची मुलंसुद्धा हे उत्तम करतात.

पालकांना एक विनंती. 'माझी मुलगी काय बोलली ते सांगा' असा आग्रह धरू नका. जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर मी गप्प बसत नाही, पोक्सो कायद्यानं बसताही येत नाही. बाकी तिचं माझ्यापाशीच राहायला हवं, नाहीतर ती परत येणार नाही. आणि शाळेबाहेर, रात्री-अपरात्री गरज लागली तर टेली मानस या सरकारी मनःस्वास्थ्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. तो मुलांच्या डायरीत छापून घ्या.

संगीता, धायरी
मला वेगळंच खुपतंय. मुलांना 'खंबीर व्हा' शिकवायचं आणि त्याच वर्गात चाचणीचे मार्क मोठ्यानं वाचून दाखवायचे. शाळा तशीच ठेवून मुलानंच घट्ट व्हायचं का? दहावीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षा २०१५ पासून जुलैतच व्हायला लागली, त्यामुळे वर्ष वाया जाण्याची टांगती तलवार गेली. कुठल्याही तासाशिवाय लाखो घरांतला जीव भांड्यात पडला असेल. असे बदल आधी मागा.

मुक्ता, कोथरूड
संगीता, मार्क वाचून दाखवणं बंद, हे मी शनिवारी पहिल्यांदा मांडते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा असं सांगितलंय. त्याचा कागद घेऊन जाणार आहे. तास वर्गशिक्षकांनी घ्यायचा हा आग्रह मी सोडते, पण तास सोडत नाही.

गणिताचे मास्तर, सदाशिव पेठ
समुपदेशकाला माझा पाठिंबा. वर्गणी लागली तर तीही देईन. तास मात्र गणिताचा कापा, मी गणिताचा मास्तर म्हणून सांगतोय. खेळाच्या तासाला हात लावलात तर माझं मत विरोधातच धरा.

निखिल, बाणेर
आणि वर्षाअखेरीला काही फरक पडला का, हे कोण आणि कसं बघणार, तेही सभेत विचारा. याचं उत्तर मिळेपर्यंत मी बाजूनं नाही.