एडिसन सोडायचंय: पिट्सबर्ग, सॅन अँटोनियो की टॅम्पा?

रॅरिटनकाठ
नवरा-बायको दोघंच, वयं ६४ आणि ६२. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन), थोडं पेन्शन आणि आयआरए (निवृत्तीसाठीचं बचत खातं) मिळून महिन्याला साडेपाच हजार डॉलर खर्चाला. न्यू जर्सीतलं एडिसनचं घर विकून साडेतीन लाखांच्या आत रोखीने घर घ्यायचंय. देऊळ आणि चार मराठी माणसं जवळ हवीत, हॉस्पिटल चांगलं हवं आणि पुढेमागे गाडी चालवणं सुटलं तरी अडायला नको. डिसेंबर ते फेब्रुवारी मुक्काम पुण्यात. सॅन अँटोनियो टेक्ससात, टॅम्पा फ्लोरिडात, आणि तिथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून यादीत ती दोन वर आहेत. हिशेब बरोबर आहे ना?

दमडीचा_हिशेब
नाही. पिट्सबर्ग ज्या राज्यात आहे त्या पेन्सिल्व्हेनियात इन्कम टॅक्स सरसकट ३.०७ टक्के, पण सोशल सिक्युरिटी, निवृत्तीचं पेन्शन आणि साडेएकोणसाठनंतर आयआरएमधून काढलेली रक्कम यांवर शून्य. व्याज, डिव्हिडंड आणि शेअर विकून झालेल्या नफ्यावर तेवढा लागतो. म्हणजे तुमच्या उत्पन्नाला तिन्ही गावं जवळपास सारखीच. पेन्सिल्व्हेनिया हात मारतं ते शेवटी: वारसा कर. जोडीदाराला शून्य, मुलांना ४.५ टक्के, भावंडांना १२. पुण्यातला फ्लॅट त्यात धरत नाहीत, कारण राज्याबाहेरची स्थावर मालमत्ता या करातून वगळलेली आहे.

खरा फरक घरपट्टी आणि विम्यात पडतो.

सॅन अँटोनियोत घरपट्टीचा दर जड. वयाच्या ६५ व्या वर्षी शाळेच्या कराची रक्कम गोठते, पण त्यासाठी अ‍ॅप्रेझल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे घराची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाकडे, अर्ज करावा लागतो. विम्यात गारा-वाऱ्याचं डिडक्टिबल, म्हणजे कंपनीआधी तुम्ही भरायची रक्कम, बहुधा विमा रकमेच्या १ ते २ टक्के असतं. साडेतीन लाखांच्या विम्यावर २ टक्के म्हणजे छपरामागे पहिले ७,००० तुमचे. शिवाय बऱ्याच भागात जमीन चिकणमातीची, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया हलतो. घर बघताना दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली भेग आणि चौकटीत अडकणारं दार, या दोन खुणा शोधा. ताजा रंग फक्त त्या कोपऱ्यातच दिसला तर जास्तच शोधा.

टॅम्पात घर घेण्याआधी विम्याचं कोटेशन घ्या, नंतर नाही. जुन्या घराला कंपन्या छप्पर, वीज, प्लंबिंग आणि एसी अशी चार अंगांची तपासणी मागतात. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि सरकारी पॉलिसी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. वादळ नाव घेऊन निघालं की फॉर्म भरून उपयोग नाही. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन चक्रीवादळाने टॅम्पा बेच्या काठच्या वस्त्यांत समुद्र आणला, म्हणून किनाऱ्यापासूनच्या अंतराइतकीच जमिनीची उंचीही पाहा. ‘काँडो (फ्लॅट) घेऊ, कटकट नको’ असा विचार असेल तर तीन किंवा जास्त मजल्यांच्या इमारतीचा स्ट्रक्चरल रिझर्व्ह अहवाल, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी किती पैसे साठवायला हवेत त्याचा हिशेब, आधी मागवा. २०२१ मध्ये सर्फसाइडची इमारत कोसळल्यावर कायदा कडक झाला आणि साठलेल्या दुरुस्त्यांचे पैसे आता मालकांकडून वसूल होताहेत.

गोळी_दोनवेळा
गावाआधी आरोग्यविम्याचं वेळापत्रक लावा. चुकलं तर पुढे सुधारायला वाव फार थोडा.

६४ वाल्यांचा मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, त्याच्या नोंदणीचा काळ सात महिन्यांचा: पासष्टीचा महिना, त्याआधीचे तीन, नंतरचे तीन. पासष्टीनंतर पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाला की मेडिगॅपसाठी, म्हणजे मेडिकेअरमधून उरलेला खर्च भरणाऱ्या खासगी विम्यासाठी, सहा महिने मिळतात. त्या काळात बीपी, शुगर, स्टेंट काहीही असो, कंपनीला नाही म्हणता येत नाही. नंतर बहुतेक राज्यांत तब्येत पाहूनच देतात. मेडिगॅप प्लॅन जी न्यू जर्सीत घेतलात तरी बरोबर नेता येतो, हप्ता मात्र बदलू शकतो. पुण्याला जाणाऱ्यांसाठी त्यात एक उपयोगाची गोष्ट आहे: परदेशात प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेला तातडीचा उपचार. २५० डॉलर डिडक्टिबलनंतर ८० टक्के मिळतात, आयुष्यभरात ५०,००० पर्यंत. तुमचा मुक्काम तीन महिन्यांचा, म्हणजे शेवटच्या महिन्यासाठी प्रवास विमा वेगळा घ्या. नुसत्या मेडिकेअरचा भारतात उपयोग नाही.

मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज म्हणजे खासगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर. ते स्वस्त दिसतं, पण ठरावीक डॉक्टर-हॉस्पिटलांच्या नेटवर्कला बांधलेलं. पिट्सबर्गात यूपीएमसी आणि अ‍ॅलेघेनी हेल्थ नेटवर्क अशी हॉस्पिटलांची दोन घराणी, आणि दोघांच्या घरच्या विमा कंपन्या. हृदयाचा डॉक्टर एका घराण्यात आणि विमा दुसऱ्या, असं होऊ देऊ नका.

६२ वाल्यांना आणखी तीन वर्षं मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारातला विमा. २०२६ पासून हप्त्याच्या सबसिडीला दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांची उत्पन्न-मर्यादा परत आली आहे: २०२६ साठी दोघांच्या कुटुंबाला वर्षाला ८४,६००. एक डॉलर वर गेलात तर सबसिडी पूर्ण बंद. तुमचे ६६,००० आत बसतात, पण सोशल सिक्युरिटी पूर्ण धरतात, आणि नवीन घरासाठी आयआरएमधून ३०,००० काढलेत तर वर्षाचा हप्ता अंगावर येईल. घरविक्रीच्या नफ्यातले पाच लाखांपर्यंतचे, अटी पूर्ण होत असतील तर, यात येत नाहीत. दुसऱ्या राज्यात गेलात की ६० दिवसांत तिथला प्लॅन घ्या. पेन्सिल्व्हेनियात मार्केटप्लेसचं नाव पेनी.

आणि एडिसनचं घर न्यू जर्सीचे रहिवासी असतानाच विका. आधी निघून नंतर विकलंत तर क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पूर्ण होताना, अनिवासी म्हणून कराची आगाऊ रक्कम कापतात. लोक त्याला ‘एक्झिट टॅक्स’ म्हणून घाबरतात. तो वेगळा कर नाही, रिटर्न भरल्यावर जास्तीचे परत मिळतात. पण तोवर पैसे अडकतात.

चढण_उतरण
तुमच्या अटींना पिट्सबर्ग जास्त जुळतं. वेंकटेश्वराचं देऊळ पेन हिल्समध्ये, १९७० च्या दशकातलं. ६५ वर्षांवरील लोकांना बस आणि ‘टी’ म्हणजे शहरातली लाइट रेल फुकट. वयाचा पुरावा दाखवून ज्येष्ठांचं कार्ड काढायचं. पिट आणि कार्नेगी मेलन या दोन्ही विद्यापीठांत ज्येष्ठांसाठी ऑशरचे अभ्यासवर्ग आहेत.

फक्त नकाशावरचं अंतर खरं मानू नका. बसथांबा २०० मीटरवर दिसतो आणि मध्ये सार्वजनिक जिन्याच्या शंभर पायऱ्या निघतात. स्क्विरल हिलमध्ये फोर्ब्स आणि मरे रस्त्यांच्या चौकालगत दुकानं, ग्रंथालय, बस सगळं पायी होतं. तिथे घरं महाग, त्यामुळे तुमच्या पैशात काँडो बघावा लागेल. देवळाजवळ पेन हिल्स किंवा मन्रोव्हिलला पूर्ण घर मिळेल, पण गाडी लागेलच. नोव्हेंबर ते मार्च आभाळ राखाडी, याची मनाशी तयारी हवी. अर्धा हिवाळा तुम्ही पुण्यात, हा तुमचा फायदा.

जुनं घर घेणार असाल तर नेहमीच्या इन्स्पेक्शनखेरीज तीन गोष्टी. सांडपाण्याच्या पाइपात कॅमेरा घाला, कारण जुने मातीचे पाइप झाडांच्या मुळांनी फुटतात. रेडॉन (जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू) मोजा, लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त आलं तर पंखा बसवायचा खर्च विकणाऱ्याकडून मागा. खालून कोळशाची खाण गेली आहे का ते राज्याच्या नकाशात पाहा. साधा विमा जमीन खचणं भरून देत नाही, पण राज्याची वेगळी पॉलिसी मिळते.

जाहिरातीतल्या घरपट्टीवर जाऊ नका. अ‍ॅलेघेनी काउंटीचं (पिट्सबर्ग याच काउंटीत) मूल्यांकन २०१२ चं आहे. तुम्ही जास्त भावाने घेतलंत की शाळामंडळ अपील करून ते वाढवून घेऊ शकतं.

रॅरिटनकाठ
म्हणजे यादी उलटी झाली! पण तीन महिने बंद घर आणि बाहेर उणे तापमान, याचं काय?

चढण_उतरण
निघण्याच्या दिवशी पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइप रिकामे करा, फ्लश दाबा. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटवर, बंद नाही. जुन्या घरात वाफेचे रेडिएटर असतील तर मेन बंद करण्याआधी तंत्रज्ञाला विचारा: बॉयलरला आपोआप येणारं पाणी तुटलं आणि पातळी खाली गेली तर सुरक्षेचा स्विच बॉयलरच बंद करतो, आणि मग पाइप गोठून फुटतात.

विमा कंपनीला लेखी कळवा. बऱ्याच पॉलिसींत ३० किंवा ६० दिवस रिकाम्या घराचं कलम असतं. सामानासह बंद घर आणि ओसाड घर यांत त्या फरक करतात की नाही ते वाचून घ्या. कुणीतरी आठवड्यातून एकदा आत डोकावायला हवं. फुटपाथवरचा बर्फ काढायचं काम कुणाला तरी बांधून द्या, मालक पुण्यात आहे ही सबब चालत नाही. आणि पोस्टाची होल्डची सोय ३० दिवसांपुरतीच असते, तेव्हा पत्रं तात्पुरत्या फॉरवर्डिंगने मुलांच्या पत्त्यावर वळवा.